एक वाद्य, एक मत

स्वतःला हाकलण्याचा ठराव मतदानाला टाकणारा, त्यावरची मतं स्वतःच मोजणारा आणि ‘मंजूर’ असं खणखणीत आवाजात जाहीर करणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

मी पाहिलाय. त्याचं नाव बसवराज, गाव हुपरी. आम्ही त्याला बसूअण्णा म्हणायचो. तो ड्रम वाजवायचा आणि फार चांगला वाजवायचा. माणूस म्हणून मात्र तो तासाभरापलीकडे सोसत नसे. त्याच्याविषयी गोड लिहिणं म्हणजे त्याचा अपमान करणं आहे, म्हणून मी तसं लिहिणार नाही.

हुपरीत त्याच्या घरी चांदीचे पैंजण बनतात. आई, काकू, भाऊ, भावजय, सगळे दिवसभर खाली मान घालून घुंगरांना झाळणीचे डाग देऊन जोडत बसलेले. अण्णा त्यात कधी बसला नाही. “दिवसभर छुनछुन छुनछुन. चांदीला आवाज न्हाय, नुसती कुरकुर हाय,” असं तो आईच्या तोंडावर म्हणायचा. आई कानडीत काहीतरी सुनवायची आणि त्याला जेवायला वाढायची.

भेटल्यावर तो हात मिळवत नसे. तुमचं मनगट पकडायचा, दोन बोटं नाडीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. “चारात चाललीया. सरळसोट. बिनडोक माणूस.” हे त्याने आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना ऐकवलं होतं. एकदा आमच्या गिटारवाल्या विक्रमच्या वडिलांचीही नाडी बघितली आणि म्हणाला, “काका, डॉक्टरकडं जावा. ताल चुकतोय.” काका गेले नाहीत, पुढे दोन आठवडे त्यांनी आम्हाला वर येऊ दिलं नाही.

वर म्हणजे शिरोली एमआयडीसीत, त्याच काकांच्या फाउंड्रीच्या माळ्यावर. तिथे लाकडी साचे ठेवलेले असायचे. साप्ताहिक सुट्टीला भट्टी बंद, कामगार घरी, आणि माळा आमचा. काकांचा मुलगा विक्रम गिटार वाजवायचा आणि गायचा. इरफान बेस वाजवायचा. आजऱ्याहून दीपाली यायची; घरचा काजूचा कारखाना, तिथलं काम उरकून एसटीने यायची आणि बासरी वाजवायची. ड्रमवर अण्णा. बँडचं नाव ‘ओतकाम’. गाणी मी लिहायचो.

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. मी वाचायला शिकलो तो मोर्चाच्या हाकेवर. त्यामुळे माझी गाणी लांब होती, आणि त्यांना ते चालत होतं, कारण त्यांचं वाजवणं त्याहून लांब होतं. ‘वितळ’ नावाचं आमचं सगळ्यात मोठं गाणं सातच्या तालात सुरू व्हायचं, मग पाचात शिरायचं, पुन्हा सातात यायचं. पहिला शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा संपून कप परत गेलेला असायचा. भट्टीतलं लोखंड साच्यात पडतं तेवढ्या क्षणाचं ते गाणं होतं. अण्णाचा त्याच्यावर जीव होता. बाकी जगात त्याचा जीव कशावर होता हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीला विक्रमच सगळं ठरवायचा. जागा त्याच्या बापाची, वीज त्याच्या बापाची, त्यामुळे कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, चहा कधी, हेसुद्धा त्याचंच. एके दिवशी अण्णा उठला, कास्टिंगवर खुणा करायचा खडू घेतला आणि भिंतीवर हाताएवढ्या अक्षरात लिहिलं: एक वाद्य, एक मत.

“आजपास्नं हात वर करायचा. मालकाच्या पोराची एक गिटार, तर माझा एक ड्रम. समान,” तो म्हणाला.

“आणि माझं?” मी विचारलं.

“तू काय वाजवतोस?”

“मी लिहितो.”

“मग लिही. लेखक हात वर करत न्हाय. लेखक पाणी आणतो.”

मी पाणी आणलं. पण खरं सांगतो, तो नियम मला फार आवडला. मालकीला मत नाही, कामाला मत! मी त्यावर पत्रक काढायच्या तयारीत होतो. थोड्या दिवसांनी अण्णाने त्याला शेपूट जोडलं: त्या दिवशी जो वाजवील त्याचंच मत. कारण इरफान कधीकधी बेस न आणता यायचा, वडापाव खायचा, हात वर करायचा आणि जायचा. शेपूटही सगळ्यांना पटलं.

मग दीपालीची एसटी बंद पडली.

त्या दिवशी ठराव होता ‘वितळ’च्या सुरुवातीला बासरी ठेवायची की काढायची. विक्रमला ती नको होती. दीपाली पोचली तेव्हा वाजवून झालं होतं आणि मतदान व्हायचं होतं. घामाघूम होऊन ती जिन्याच्या वरच्या पायरीवर आली.

“अण्णा, गडहिंग्लजला गाडी बंद पडली. मी काय ढकलत आणू?”

“ढकलायची. वाजवलं न्हाईस, मत न्हाय.”

“माझ्याच बासरीवर मत हाय आणि मी हितं पायरीवर बसू व्हय?”

“पायरी सोच्छ हाय. बस.”

“आता वाजवतो की! दोन मिनिटं द्या.” आजऱ्याकडच्या बायका बोलतात तशी ती बोलायची.

“बैठक सुरू झालीया, दीपे.”

ती बसली. विक्रम आणि इरफानने बासरी काढायच्या बाजूने हात वर केले. विरुद्ध हात एकच होता, अण्णाचा. त्याला बासरी हवी होती! दीपालीला आत घेतलं असतं तर बरोबरी झाली असती आणि बासरी राहिली असती. ठराव मंजूर झाल्यावर अण्णाचा चेहरा बघण्यासारखा होता. कुस्ती मारल्यासारखा. “हरलो,” तो म्हणाला, “पर नियमानं हरलो. ह्येला म्हंत्यात बँड.” पायरीवर दीपाली बासरी पिशवीत घालत होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. ती पुढे दोन-तीनदा आली, मग काजूचा हंगाम आला, मग आलीच नाही.

तत्त्वाचा माणूस म्हणून मी तेव्हा अण्णाचं कौतुक करायचो. आज मला त्यात तत्त्व कमी आणि चैन जास्त दिसते. स्वतःच्या तोट्याचा नियम पाळला की माणसाला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. त्या मोठेपणाची किंमत पायरीवर बसलेलं कुणीतरी देत असतं.

त्यानंतर एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला बोलावलं. अण्णाने ‘वितळ’ने सुरुवात करायचा हट्ट धरला. पोरं नाचायला आलेली. पाच मिनिटं झाली, सात झाली. एकजण ओरडला, “ए पावणं, गाणं कधी सुरू हुणार?” दुसरा म्हणाला, “मशीन गरम हुतंय अजून!” अण्णाने हात वर करून बँड थांबवला. माईक घेतला.

“तुमास्नी सात मोजता येत न्हाय म्हणून तुमी नाचू शकंना. म्हणा माझ्यासंगं. एक, दोन, तीन...”

आख्खं मैदान मोजायला लागलं. सातनंतर त्याने पुन्हा एक म्हटलं, मैदान म्हणालं आठ. मग नऊ. मग दहा. पोरं पन्नासच्या पुढे गेली तरी थांबेनात. मागून कुणीतरी चप्पल फेकली ती विक्रमच्या गिटारला लागली. आम्ही उतरलो.

परतताना टेम्पोत अण्णा खूश होता. “सात मोजली की रं! सगळ्यांनी मोजली.”

विक्रम गिटारवरचा चपलेचा डाग रुमालाने पुसत होता. तो एवढंच म्हणाला, “मला परत असं हसं करून घ्यायचं न्हाय, अण्णा. कुठल्याबी परिस्थितीत.”

अण्णाने त्याचं मनगट धरलं, नाडी बघितली आणि म्हणाला, “चारात.”

तो डाग आणि तो शब्द, यांतलं विक्रमला जास्त काय लागलं ते माहीत नाही. महिन्याभरात त्याने गिटार विकली आणि सोलापुरी चादरीत गुंडाळून एक सिंथेसायझर माळ्यावर आणला.

इथे मी खोटं लिहिणार नाही. तो आवाज सुंदर होता. विक्रमने एक पट्टी नुसती दाबून धरली आणि खाली भट्टी पेटल्यासारखा माळा घुमायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. अण्णा उठून जवळ गेला, त्या यंत्राच्या कडेला दोन बोटं टेकवली, डोळे मिटले. “जित्तं हाय,” म्हणाला. यंत्राविरुद्ध आमच्यापैकी कुणीच नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं जे झालं ते यंत्राने केलं नाही.

त्या दिवशी ‘वितळ’ वाजवून झालं आणि विक्रमने ठराव मांडला. गाणं चार मिनिटांत बसवायचं, चारच्या तालात. इरफान म्हणाला, नको. अण्णा म्हणाला, नको. विक्रमने उजवा हात वर केला.

“दोन विरुद्ध एक,” अण्णा म्हणाला. “नामंजूर.”

“थांब की. गिटारचा भाग मी पट्ट्यांवर वाजवला. हे गिटारचं मत.” मग त्याने डावा हात वर केला. “बासरीबी मीच वाजवली. हे बासरीचं.”

इरफान हसला. “क्या मस्करी है?”

“मस्करी कसली? भिंतीवर लिहिलंय. आणि व्हायोलिन राहिलं.”

“व्हायोलिन आपल्या बँडात कवा हुतं?” मी विचारलं.

“आज हुतं. अण्णा, ऐकलंस का न्हाय?”

सगळे अण्णाकडे बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं. ‘नियम माणसांसाठी आहे, लेका, आवाजांसाठी नाही.’ एवढं म्हणायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. तो भिंतीकडे बघत राहिला. स्वतःच्या अक्षराकडे.

“ऐकलं,” तो म्हणाला. “हुतं व्हायोलिन.”

“मग तीन विरुद्ध दोन.”

“तोंडी मत चालत न्हाय. मत दिसलं पायजे.”

“दोन हात हायत, अण्णा. तिसरा कुठला आणू?”

“पाय वर कर.”

विक्रमने खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर केला. पांढरा बूट, तळाला वाळू लागलेली. इरफान पोट धरून हसत होता. मीही हसलो. अण्णा एकटा हसला नाही. त्याने हात मोजले, पाय मोजला आणि म्हणाला, “तीन विरुद्ध दोन. मंजूर.”

पुढच्या बैठकीत इरफानने ठराव आणला: नियम बदला, एक माणूस, एक मत. त्याचं हसू उतरलं होतं, कारण विक्रमचा डावा हात आता बेसही वाजवायला लागला होता. विक्रमने हात, हात, पाय विरोधात वर केले. इरफान अण्णाकडे वळला. “अण्णा, हम दोनोंका है ये. हारे तो भी हात वर कर.”

अण्णाने हात वर केला. विरोधात.

“क्यूं?”

“जिकायला लागलं तवा नियम चांगला, हरायला लागल्यावर बदला? तसलं मला जमत न्हाय.”

इरफानने बेस खांद्यावर टाकला. भिंतीजवळून जाताना म्हणाला, “तेरा नियम तेरेको मुबारक.” तो आता गांधीनगरात कापडाच्या दुकानात आहे, मजेत आहे. बँडचं नाव काढलं की विषय बदलतो.

मी अण्णाला चहाच्या टपरीवर गाठलं. माझ्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती. मी त्याला सांगितलं की मालकाचा मुलगा तुझ्याच नियमाने पुन्हा मालक झालाय, यंत्र ज्याच्याकडे त्याच्याकडे सगळी मतं, ही लोकशाही नाही, ही फाउंड्री आहे. तो ऐकत होता. टपरीच्या पत्र्यावर बोटांनी सात वाजवत होता.

“आन् एक माणूस एक मत केलं असतं,” तो म्हणाला, “तर त्यानं बाच्या कारखान्यातली धा माणसं वर आणून बसवली असती. एकाला टाळ दिला असता, एकाला झांज. मग?”

“मग त्या दहांशी बोलता आलं असतं. व्हायोलिनशी बोलता येत नाही.”

“तू लई बोलतोस,” तो म्हणाला. “आज चहा तू दे.”

शेवटची बैठक मला विसरता येत नाही. माळ्यावर आम्ही तिघंच होतो. विक्रमने नवीन यंत्र आणलं होतं, डब्याएवढं, त्यात ड्रम. त्या दिवशी त्याने ते अण्णाच्या बरोबरीने वाजवलंही होतं, मुद्दाम, म्हणजे अर्ध्या ड्रमचंही मत त्याचं.

“ठराव मांड,” अण्णा म्हणाला.

विक्रम थोडा चाचरला. त्याला लाज होती, असं मी म्हणेन. पण ती लाज त्याला थांबवण्याइतकी नव्हती. “ड्रम मशीनवर घ्यायचा म्हणतोय, अण्णा. शोला तू ये की. मागं उभारून टाळ्या दे. पब्लिकला बरं वाटतं.”

“अण्णा, ऊठ, चल,” मी म्हणालो. “मतदान घेऊच नकोस.”

“लेखक,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मत न्हाय तर आवाज न्हाय.” आणि मग, खणखणीत: “ठरावाच्या बाजूनं?”

विक्रमने दोन्ही हात वर केले. पाय वर करायला या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. तो आपोआप वर आला; दुसऱ्या पायाची गरजच नव्हती. कुणी हसलं नाही.

“विरुद्ध?” अण्णाने विचारलं, आणि स्वतःचा हात वर केला. तो हात त्याने स्वतःच मोजला. बोटाने, स्वतःकडे दाखवून. “एक.” मग निकाल: “तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर.”

मग त्याने झांजा सोडवल्या. एकेक ड्रम जिन्यावरून खाली नेला. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, “पाणी आण.” वर विक्रमने डबा सुरू केला होता, चारचा ताल, बारीक, स्वच्छ, न चुकणारा. शेवटचा ड्रम खांद्यावर घेऊन अण्णा जिन्यात थांबला आणि वर ओरडला, “इक्या, वेग जरा कमी ठेव. गाणाऱ्याला श्वास घिऊ दे.” विक्रमने वेग कमी केला. बरोबर होतं ते.

‘ओतकाम’ आता तुम्हाला माहीत असेल. चार मिनिटांचं ‘वितळ’ लग्नात वाजतं, गणपतीत वाजतं, रिसॉर्टच्या उद्घाटनाला वाजतं. शब्द माझेच आहेत, त्यातली भट्टी तेवढी गेली आहे. बँडमध्ये माणूस एकच आहे आणि पोस्टरवर अजून ‘आम्ही’ असं लिहिलेलं असतं.

बसूअण्णाला मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका कार्यक्रमात, कोल्हापुरात, संध्याकाळी. तो पडद्याच्या कडेला उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. विक्रमने त्याला ओळखलं. मोठ्या मनाने माईकवर म्हणाला, “आमचे जुने ड्रमर! बसूअण्णा! या की वर!” टाळ्या पडल्या. अण्णा वर गेला. कुणीतरी त्याच्या हातात काठ्या दिल्या. स्टेजवर ड्रम नव्हता. तो काठ्या धरून इकडेतिकडे बघत राहिला, आणि पुढच्या रांगेतली पोरं हसली, वाईट हेतूने नव्हे, फक्त हसली.

“हे बटण दाब, अण्णा,” विक्रम म्हणाला. “ताल तू चालू कर. मान तुझा.”

यंत्र घुमायला लागलं. अण्णाने काठ्या खाली ठेवल्या, एक बोट बटणावर ठेवलं, डोळे मिटले. तो मोजत होता. ओठ हलताना मला दिसले. त्याने सात पुरे होऊ दिले आणि मग दाबलं. गाणं तर चारात होतं. ताल आडवा घुसला, सगळं एकमेकांत अडकलं, मैदान फिदीफिदी हसलं. विक्रमने हसत हसत एक बोट फिरवलं आणि क्षणात सगळं सरळ केलं. लोक नाचायला लागले. अण्णाने हात जोडले आणि पायऱ्या उतरून आला.

मी त्याला गाठलं. त्याने माझं मनगट धरलं नाही. स्वतःच्या बोटाकडे बघत होता.

“ड्रम मारला की त्यो परत मारतोय हाताला,” तो म्हणाला. “ह्येनं काय परत मारलंच न्हाय रं.”

“अण्णा, त्या व्हायोलिनच्या दिवशी तू ‘नाही’ असं का म्हणाला नाहीस?”

“नियमात बसत हुतं,” तो म्हणाला, आणि हुपरीच्या गाडीकडे चालायला लागला.

वाचणाऱ्या, तू कुठल्या ना कुठल्या खोलीत बसतच असशील. तालमीची कमिटी, सोसायटी, संघटना, चार मित्रांचं मंडळ. पुढच्या बैठकीत कुणी तिथे नसलेल्या माणसाचं मत स्वतःच्या हाताने वर केलं आणि अध्यक्षाने ‘नियमात बसतंय’ म्हणून मोजायला सुरुवात केली, तर हसू नकोस, आणि मला मत नाही म्हणून गप्प बसू नकोस. उठून उभा राहा, मोजणी थांबव, आणि ज्याचं मत वापरलं जातंय त्याला आधी बोलावून आण.